सुभाष मुखोपाध्याय (वैद्यकशास्त्रज्ञ)

हा लेख कृत्रिम गर्भधारणेच्या क्षेत्रातील भारतीय संशोधक सुभाष मुखोपाध्याय यांच्याविषयी आहे. याच नावाचे ज्ञानपीठ पुरस्कारप्राप्त बंगाली कवी (१९१९–२००३) ही वेगळी व्यक्ती होय.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय ऊर्फ सुभाष मुखर्जी (जन्म : हजारीबाग, १६ जानेवारी १९३१; मृत्यू : कोलकाता, १९ जून १९८१) हे भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि प्रजननशास्त्राचे संशोधक होते. शरीराबाहेर झालेल्या फलनातून, म्हणजेच बोलीभाषेत ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात त्या पद्धतीने, भारतात जन्मलेल्या पहिल्या बालकाचे श्रेय त्यांना दिले जाते. हे बालक ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मले. इंग्लंडमधील लुईझ ब्राऊन या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालिकेच्या जन्मानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी घडलेली ही घटना जगातील अशा प्रकारची दुसरी मानली जाते. मात्र पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, त्यांना परदेशी जाऊन आपले काम मांडू दिले गेले नाही आणि तीन वर्षांच्या आत त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबईत या क्षेत्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांच्या टिपणांची छाननी करून त्यांचा अग्रमान त्यांना परत मिळवून दिला. विशेष म्हणजे तोपर्यंत भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालकाच्या जन्माचे श्रेय स्वतः आनंदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावावर होते.

शिक्षण

मुखोपाध्याय यांचा जन्म हजारीबाग (आता झारखंड राज्यात) येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण कोलकात्यात झाले. शरीरक्रियाशास्त्राचा पाया पक्का केल्यावर ते वैद्यकाकडे वळले आणि १९५५ मध्ये कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेजमधून त्यांनी एम.बी.बी.एस. ही पदवी संपादन केली. वैद्यकीय पदवीनंतर दवाखाना थाटण्याचा रूढ मार्ग सोडून ते संशोधनात राहिले. १९५८ मध्ये प्रा. सच्चिदानंद बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

पुढे ते स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे गेले. तेथे प्रा. जॉन लोरेन यांच्याकडे संप्रेरकांचे मापन हा त्यांचा विषय होता. स्त्रीच्या मासिक चक्रात बीजांड कोणत्या दिवशी पक्व होऊन बाहेर पडेल हे ज्या संप्रेरकांवर अवलंबून असते, त्यांचे प्रमाण शरीरात अत्यल्प असते आणि ते मोजण्याच्या भरवशाच्या पद्धती त्या काळी जेमतेम विकसित होत होत्या. या कामावर त्यांना १९६७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची दुसरी पीएच.डी. मिळाली. पुढील दहा वर्षांतील त्यांच्या सर्व कामाचे मूळ या शिक्षणात आहे. एका बाजूला शरीरक्रियाशास्त्र, दुसऱ्या बाजूला रुग्ण तपासण्याचा परवाना आणि तिसऱ्या बाजूला संप्रेरकांचे अचूक ज्ञान, असा मेळ त्या वेळी भारतात क्वचितच कोणाकडे होता.

त्याच वर्षी ते मायदेशी परतले आणि कोलकात्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. १९७५ च्या सुमारास त्यांची बदली बांकुडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात झाली. बांकुडा कोलकात्यापासून बरेच दूर आहे. शासकीय सेवेतील प्राध्यापकाला बदली नाकारता येत नाही; त्यामुळे नोकरी बांकुड्यात आणि संशोधन कोलकात्यात, अशी त्यांची ओढाताण सुरू झाली. ज्या प्रयोगामुळे ते आज ओळखले जातात तो त्यांनी याच ओढाताणीच्या काळात, अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी केला.

१९७८ चा प्रयोग

नैसर्गिक गर्भधारणेत स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन बीजवाहिनीत होते. या नळ्या बंद असतील तर दोन्ही बीजे निर्दोष असूनही ती एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी स्त्रीबीज शरीराबाहेर काढून काचेच्या बशीत त्याचे फलन घडवावे आणि तयार झालेला भ्रूण थेट गर्भाशयात सोडावा, ही कल्पना सांगायला सोपी आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे अनेक दशकांचे अपयश होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन घडवल्यानंतर प्रत्यक्ष बालक जन्माला येईपर्यंत सुमारे दहा वर्षे खर्ची घालावी लागली.

मुखोपाध्याय यांच्यासोबत दोन सहकारी होते. सुनीत मुखर्जी हे अतिशीत तापमानात पदार्थ टिकवण्याच्या शास्त्राचे जाणकार होते, तर डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बीजवाहिन्या बंद असल्यामुळे मूल न होणाऱ्या कोलकात्यातील एका विवाहितेवर त्यांनी उपचार केले.

त्यांच्या पद्धतीत तीन गोष्टी इंग्लंडमधील पद्धतीपेक्षा वेगळ्या होत्या आणि त्यांचे महत्त्व कळण्यासाठी थोडा तपशील आवश्यक आहे.

एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी प्रारंभी औषधे देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करण्याचा मार्ग अवलंबला होता. त्यात गर्भ टिकेना, म्हणून त्यांनी तो सोडून दिला आणि निसर्गतः महिन्याला पक्व होणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवली. लुईझ ब्राऊनचा जन्म या नैसर्गिक चक्रातील बीजापासून झाला. मुखोपाध्याय यांनी मात्र रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून मिळवलेले संप्रेरक वापरून बीजकोशाला चालना दिली आणि एकाहून अधिक बीजे मिळवली. बीजे अधिक असतील तर भ्रूण अधिक मिळतात आणि यशाची शक्यता वाढते.

दुसरा फरक बीज काढण्याच्या मार्गाचा होता. स्टेप्टो हे पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीद्वारे बीज काढण्यात निष्णात होते. ती साधने आणि ते कौशल्य कोलकात्यात सहज उपलब्ध नव्हते. मुखोपाध्याय यांच्या चमूने योनिमार्गातून लहानसा छेद घेऊन बीजकोशापर्यंत जाण्याचा मार्ग निवडला.

तिसरा फरक सर्वांत धाडसाचा होता. बीजकोशाला औषधांनी चालना दिली की त्याच चक्रात गर्भाशयाच्या अस्तराची घडणही बिघडते आणि भ्रूण रुजणे अवघड होते. एडवर्ड्स यांना आलेल्या अपयशाचे एक कारण हेच असावे असे आता मानले जाते. मुखोपाध्याय यांनी या अडचणीतून वाट काढली ती थांबून. फलित भ्रूण त्यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड या संरक्षक द्रव्यात ठेवून गोठवले. पेशीतील पाण्याचे बर्फ झाले तर त्याचे अणकुचीदार स्फटिक पेशीचे आवरण फाडतात. हे द्रव्य तसे होऊ देत नाही. सुमारे ५३ दिवसांनी, औषधांचा प्रभाव ओसरल्यावर, भ्रूण पुन्हा सामान्य तापमानावर आणून ते मातेच्या गर्भाशयात सोडण्यात आले. गर्भ रुजला.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गापूजेच्या दिवसांत मुलगी जन्मली. तिचे खरे नाव उघड न करता तिचा उल्लेख दुर्गा या टोपणनावाने होऊ लागला.

आजच्या कोणत्याही वंध्यत्व उपचार केंद्रात बीजकोशाला औषधांनी चालना देणे, योनिमार्गातून बीजे काढणे आणि भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडणे या तिन्ही गोष्टी नित्याच्या आहेत. योनिमार्गाचा मार्ग ध्वनिलहरींच्या चित्रणामुळे आता अधिक सुरक्षित झाला आहे एवढाच फरक. गोठवलेल्या भ्रूणापासून बालक जन्मल्याची सर्वमान्य नोंद ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील असून ती १९८४ ची आहे.

चौकशी समिती

बालिकेच्या जन्मानंतर मुखोपाध्याय यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले, वृत्तपत्रांना माहिती दिली आणि भारतीय अतिशीतशास्त्राच्या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. हे टिपण फारच त्रोटक होते. परदेशी नियतकालिकात सविस्तर शोधनिबंध त्यांनी पाठवला असता तर पुढचे बरेच काही टळले असते, असे त्यांचे चाहतेही मान्य करतात. शासकीय सेवकाने वरिष्ठांची वाट न पाहता वृत्तपत्रांशी बोलावे, हेही वरिष्ठांना रुचले नाही.

नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने या दाव्याच्या तपासणीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचे अध्यक्षपद रेडिओ भौतिकीच्या प्राध्यापकाकडे होते. मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन घडवण्याचा अनुभव समितीतील कोणालाही नव्हता. अर्थात तसा अनुभव त्या वेळी साऱ्या जगात मोजक्या लोकांनाच होता. अशा परिस्थितीत बाहेरच्या जाणकारांचे मत मागवणे, टिपणवह्या तपासणे, प्रयोग पुन्हा करून दाखवण्यासाठी वेळ आणि साधने देणे हे मार्ग समितीसमोर होते. त्यांपैकी कशाचाही गांभीर्याने अवलंब झाला नाही. दावा अविश्वसनीय असल्याचा निष्कर्ष समितीने काढला.

मुखोपाध्याय यांची सर्वांत मोठी अडचण पुराव्याची होती आणि ती निव्वळ तांत्रिक नव्हती. ज्या दांपत्यावर त्यांनी उपचार केले होते ते समाजाच्या भीतीने पुढे येण्यास तयार नव्हते. मूल नैसर्गिकरीत्या झालेले नाही हे कळले तर घरातील वडीलधारे काय म्हणतील, उद्या मुलीचे लग्न कसे जमेल, तिच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, या धास्तीने त्यांनी ओळख गुप्त राखण्याचा आग्रह धरला. डॉक्टरने तो पाळला. रुग्णाचे नाव उघड केल्यास डॉक्टरचा धर्म बुडतो, आणि न केल्यास शास्त्रज्ञाची अब्रू जाते, अशा कात्रीत ते सापडले होते. त्यांनी रुग्णाच्या बाजूने कौल दिला.

या प्रकरणाचा नीतिशास्त्राच्या अंगाने विचार करताना एक विसंगती ठळकपणे दिसते. मानवी भ्रूण गोठवून मूल जन्माला घालण्याचा प्रयोग नैतिक प्रश्नांपासून मुक्त नव्हता. गोठवण्याचा मुलाच्या आरोग्यावर काय परिणाम होईल हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. मातेला या अनिश्चिततेची कितपत कल्पना देण्यात आली होती, प्रयोगाआधी कोणा त्रयस्थाने त्याची छाननी केली होती का, उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे, हे प्रश्न रास्त होते. मानवावरील संशोधनाविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले नैतिक धोरण १९८० मध्ये जाहीर झाले. म्हणजे १९७८ मध्ये विचारायला नियमही नव्हते. असे असताना समितीने हे प्रश्न हाती घेतले असते तर तिचे नाव वेगळ्या कारणाने इतिहासात राहिले असते. समितीने फक्त एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे हा माणूस खरे बोलतो आहे का. आणि त्याचे उत्तर देण्याची पात्रताही तिच्याकडे नव्हती.

इंग्लंडमधील संशोधकांनाही विरोध झाला होता. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना अनुदान नाकारले आणि त्यासाठी नैतिक आक्षेपही पुढे केले. परंतु ते खासगी देणग्यांवर काम करत राहू शकले आणि त्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का बसला नाही. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अखेरची वर्षे

समितीच्या निष्कर्षानंतर मुखोपाध्याय यांची कुचेष्टा सुरू झाली. वैद्यकीय वर्तुळातील सभांमधून त्यांच्यावर उघड टीका झाली. जपानमधून आलेले आपले संशोधन मांडण्याचे निमंत्रण त्यांना स्वीकारता आले नाही, कारण शासकीय सेवक म्हणून आवश्यक असलेली परवानगी नाकारण्यात आली. ज्या जाणकारांसमोर आपली बाजू मांडता आली असती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच अशा रीतीने बंद झाला. या काळात त्यांना हृदयविकाराचा झटकाही आला.

जून १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्याच्या प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली. दोन पीएच.डी. मिळवलेल्या आणि प्रजननाच्या संप्रेरकांवर काम केलेल्या संशोधकाला डोळ्यांच्या संस्थेत पाठवण्याचे कोणतेही शैक्षणिक समर्थन आढळत नाही. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कोलकात्यातील राहत्या घरी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी नमिता या शिक्षिका होत्या. पतीचे काम मान्य व्हावे म्हणून पुढील अनेक वर्षे त्यांनी आणि सुनीत मुखर्जी यांनी चिकाटीने प्रयत्न केले. मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित टिपणवह्या जपल्या गेल्या त्या यांच्यामुळे.

मुंबईतील काम आणि पुनर्मूल्यांकन

१९८० च्या दशकात शरीरबाह्य फलनाचे काम मुंबईच्या परळ भागात नव्याने सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आणि महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय या दोन्ही संस्था परळमध्ये जवळजवळ आहेत. संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि के.ई.एम.मधील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला. येथे प्रत्येक पायरीची नोंद ठेवलेली होती, संस्थेचे पाठबळ होते आणि निष्कर्ष रीतसर प्रसिद्ध झाले. साहजिकच भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बालक म्हणून या जन्माची नोंद झाली आणि पाठ्यपुस्तकांत व सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तीच रूढ झाली.

१९९७ मध्ये आनंदकुमार एका परिषदेच्या निमित्ताने कोलकात्यास गेले असता मुखोपाध्याय यांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली. संप्रेरकांच्या मात्रा, बीजे काढण्याची रीत, गोठवण्याचे टप्पे या सर्व नोंदी त्यांनी पडताळून पाहिल्या. हे काम हाताने केलेल्या माणसाला खोटी नोंद आणि खरी नोंद यांतील फरक कळतो. बीजकोशाला चालना दिल्यावर काय घडते, कोठे अडते, हे आनंदकुमार यांना स्वानुभवाने ठाऊक होते. मुखोपाध्याय यांचा दावा खरा असल्याची त्यांची खात्री पटली. एप्रिल १९९७ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या करंट सायन्स या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालकाचे शिल्पकार म्हणून मुखोपाध्याय यांचे नाव पुढे ठेवले.

या लेखामुळे आनंदकुमार यांचे स्वतःचे पहिलेपण गेले. त्यांना तो लेख लिहिण्याची कोणी सक्ती केली नव्हती. कागद पाहून ते गप्प राहिले असते तरी कोणाला कळले नसते. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात स्वतःचा अग्रमान आपण होऊन दुसऱ्याला देण्याची अशी उदाहरणे फार थोडी आहेत. आनंदकुमार यांचे २०१० मध्ये निधन झाले.

मुंबईतील १९८६ चा जन्म आता भारतातील पहिला शास्त्रीयदृष्ट्या नोंदवलेला जन्म म्हणून, तर कोलकात्यातील १९७८ चा जन्म प्रत्यक्षात पहिला म्हणून उल्लेखिला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्याय यांच्या कामाची दखल घेतली. २००३ मध्ये, पंचविशी गाठलेली दुर्गा स्वतःहून लोकांसमोर आली आणि आपल्या जन्माची हकिकत तिने उघडपणे मान्य केली. आईवडिलांनी ज्या कारणासाठी पाव शतक मौन पाळले, ते कारण तिच्या पिढीला तितकेसे भेडसावत नव्हते.

भ्रूणपरीक्षा आणि लिंगनिवड

मुखोपाध्याय यांच्या प्रयोगात भ्रूणाचे लिंग पाहण्याचा भाग नव्हता. त्या काळी काही पेशींच्या मानवी भ्रूणाचे लिंग ओळखून नंतर तो रुजवण्याचे तंत्रच उपलब्ध नव्हते. तथापि, गर्भ काही काळ मातेच्या शरीराबाहेर राहू शकतो आणि गोठवून ठेवता येतो हे सिद्ध झाल्याबरोबर तो तपासून पाहण्याची आणि तपासून निवडण्याची वाट खुली झाली. एडवर्ड्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सशाच्या भ्रूणांचे लिंग ओळखून ते सशिणीच्या गर्भाशयात रुजवण्याचे प्रयोग केले होते. मानवी भ्रूणाची अशी परीक्षा लंडनमध्ये १९९० च्या सुमारास प्रथम यशस्वी झाली. तिचा हेतू मुख्यतः मुलग्यांनाच ग्रासणारे आनुवंशिक आजार टाळणे हा होता, त्यामुळे तेथे मुलींचे भ्रूण निवडले गेले. त्याच तंत्राचा भारतात उलट वापर होईल ही भीती निराधार नव्हती.

मुंबईत के.ई.एम.मध्ये १९८६ चा जन्म घडत होता त्याच वर्षांत शहरातील अनेक खासगी दवाखान्यांत गर्भजल परीक्षा करून गर्भाचे लिंग सांगितले जात होते आणि मुलगी असल्यास गर्भपात केला जात होता. मुळात ही परीक्षा गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आहे. स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी मुंबईत याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. मात्र त्यात गर्भधारणेपूर्वीच्या निवडीचा, म्हणजे भ्रूण रुजवण्याआधीच त्याचे लिंग पाहण्याचा, पुरेसा विचार नव्हता. सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातील संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यानंतर २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली.

या दुरुस्तीला आव्हान देणारी एक याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. दोन मुली असलेल्या दांपत्याचे म्हणणे असे की, कुटुंबाचा समतोल साधण्यासाठी मुलगा निवडण्याची मुभा मिळावी. येथे गर्भपात होत नसल्यामुळे कोणाची हत्याही होत नाही. या युक्तिवादात वरवर पाहता दम आहे आणि तो पाश्चात्त्य देशांतही केला जातो. न्यायालयाने २००७ मध्ये तो फेटाळला. मुलगी नको म्हणून तिचा जन्मच होऊ न देणे हे स्त्रीत्वाचे अवमूल्यन आहे, गर्भधारणा आधी झाली की नंतर याने त्यात फरक पडत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. ज्या महाराष्ट्राने पहिला कायदा केला त्याच महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ आणि २००१ मध्ये ९१३ होते, ही पार्श्वभूमी या निर्णयामागे होती. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानासाठी २०२१ मध्ये झालेल्या स्वतंत्र केंद्रीय कायद्यानेही केंद्रांना लिंगनिवडीची सेवा देण्यास मनाई केली असून भ्रूण गोठवणे, दात्यांची नोंद आणि रुग्णाची लेखी संमती यांविषयी नियम घातले आहेत. मुखोपाध्याय यांच्या वेळी यांपैकी एकही नियम अस्तित्वात नव्हता.

ओल्डहॅम, कोलकाता आणि मुंबई येथील तिन्ही पहिल्या जन्मांत मुलीच जन्मल्या.

साहित्य, चित्रपट आणि स्मृती

बंगाली कादंबरीकार रमापद चौधुरी यांनी मुखोपाध्याय यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन अभिमन्यू ही कादंबरी लिहिली. तिच्यावर आधारित एक डॉक्टर की मौत हा हिंदी चित्रपट तपन सिन्हा यांनी १९९० मध्ये दिग्दर्शित केला. चित्रपटातील संशोधन टेस्ट ट्यूब बालकाचे नसून कुष्ठरोगावरील लसीचे आहे. चौकशी, बदली आणि परदेशी जाण्यास नकार हे प्रसंग मात्र ओळखीचे वाटतात. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत द्वितीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि तपन सिन्हा यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तर पंकज कपूर यांच्या अभिनयाची परीक्षक मंडळाने विशेष दखल घेतली. चित्रपटाचा शेवट मूळ चरित्राहून वेगळा असल्यामुळे तो पाहून मुखोपाध्याय यांच्याविषयी मत बनवणाऱ्यांचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक वैद्यकीय चरित्रकोशात मुखोपाध्याय यांच्यावरील नोंदीचा समावेश करण्यात आला. कोलकात्यात त्यांच्या नावाने प्रजनन जीवशास्त्राचे स्मारक संशोधन केंद्र स्थापन झाले आहे.